कावळ्यासाठी इडलीपात्र

आमच्या घरी इडल्या होत नाहीत, कारण आमच्या इडलीपात्रात कबुतरं जेवतात.

बेंगळुरूत राहून घरात इडली नाही, हे ऐकल्यावर इथली माणसं आधी हळहळतात, मग माझ्याकडे निरखून बघतात, आणि शेवटी विषय बदलतात. त्यांचं चुकत नाही. पण दर वेळी सगळी हकिकत सांगायची म्हणजे सासऱ्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि लिफ्टमध्ये तेवढा वेळ नसतो. म्हणून इथे सांगतो.

माझ्या सासूबाई, म्हणजे केतकीची आई, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला मिरजेहून आमच्याकडे जे. पी. नगरला आल्या. ऑपरेशन उत्तम झालं. "आता काही महिने लांबचा प्रवास नको," असं डॉक्टरांनी बजावलं. आई "बरं" म्हणाल्या. (आईंच्या 'बरं'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो. 'तसं वागेन' असा तो आजवर कधी निघालेला नाही!) पुढे गणपती गेले, पितृपंधरवडा तोंडावर आला, आणि एका सकाळी आईंनी चहाची कपबशी खाली ठेवून फर्मान काढलं.

"प्रसादराव, माझं मिरजेचं तिकीट काढा."

"अहो आई, पण डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांना मी बघते. ह्यांची तिथी आलीय. ते जेवायला घरी येणार, दाराला कुलूप बघणार आणि उपाशी परत जाणार. मला नाही ते चालायचं."

'हे' म्हणजे बाबा, माझे सासरे. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मिरजेला तिथीच्या दिवशी आई परसात पान वाढून ठेवायच्या, कुंपणावरचा कावळा लगेच येऊन घास उचलायचा, म्हणजे बाबा जेवले. मग घरच्यांनी जेवायचं. सगळं कसं ठरल्यासारखं व्हायचं.

"आई, कावळे काय फक्त मिरजेत असतात का?" केतकी म्हणाली. "इथे वाढू की पान."

"कावळे असतील गं. पण ह्यांना इथला पत्ता कुठाय? कधी आले होते का?"

आले नव्हतेच. बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. अख्ख्या जिल्ह्याला कुठली गाडी कुठे लागलीय ते सांगण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतः गाडीत बसायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. लेकीनं बेंगळुरूत घर घेतलं तेव्हा "दिवाळी झाली की येतो" म्हणाले. दिवाळीनंतर थंडी होती. थंडीनंतर आंब्याचं लोणचं होतं. त्यानंतर पाऊस. मग एका जून महिन्यात "आता मात्र नक्की, बॅग भरून ठेवलीय" असा फोन आला, आणि त्याच आठवड्यात बाबा झोपेतच गेले. बॅग खरोखरच भरलेली होती. ती केतकीनंच रिकामी केली.

त्या संध्याकाळी ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "बाबा एकदा यायला हवे होते रे. हे घर एकदा बघायला हवं होतं त्यांनी."

बायकोचे डोळे भरून आले की नवऱ्यानं ते पुसावेत. पण तोंड बंद ठेवून पुसावेत! मी तोंड उघडलं. "येतील," मी म्हणालो. "कावळा आणायची जबाबदारी माझी." हे आईंनी हॉलमधून ऐकलं. त्यांनी तिथूनच तह जाहीर केला: तिथीला पान बेंगळुरूत वाढायचं. कावळा शिवला तर त्या इथेच राहतील. नाही शिवला, तर गुडघा काही का म्हणेना, सर्वपित्री अमावास्येला त्या मिरजेच्या परसात पान वाढणार म्हणजे वाढणार.

आता कावळ्याला अचानक बोलावलं तर तो कसा येणार? त्याला आधीपासून आपल्या बाल्कनीची चटक लावायला हवी. म्हणून मी फोनवर पक्ष्यांचं खाद्यपात्र घरच्या घरी बनवायचा व्हिडिओ पाहिला. त्यातली मुलगी हसत हसत एका रिकाम्या बाटलीला चमचे टोचते आणि लगेच पक्षी येतात. मला ते फारच किरकोळ वाटलं. कावळा म्हणजे काही चिमणी नव्हे, त्यातून हा कावळा म्हणजे सासरे! त्यांना असं बाटलीतून वाढायचं?

मी माळा उपसला. रंगाच्या डब्याचं झाकण मिळालं, ते छप्पर. जुनी नायलॉनची दोरी मिळाली. मोडका झारा मिळाला, तो बसायला दांडी. आणि मग ओट्याखाली मला इडलीपात्र दिसलं. एकाखाली एक ताटल्या, मधोमध दांडा, प्रत्येक ताटलीला वाट्या! एका वाटीत भात, एकीत बाजरी, एकीत शेव, एकीत पाणी. हे ज्यानं घडवलं त्याच्या मनात पक्षीच असणार, इडली नंतर सुचली असणार. शिवाय बेंगळुरूच्या कावळ्याला ते ओळखीचंही वाटेल.

"ते भंगारात द्यायचं नाहीये, प्रसाद," केतकी म्हणाली.

"त्याचा एक पाय हलतोय."

"पाय हलतो म्हणून भंगारात? मग आईला कुठे देणार आहेस?"

आईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी दांड्याला भोक पाडलं, झाऱ्याला गरम गोंद लावला, गोंद माझ्या अंगठ्याला लागला, अंगठा झाऱ्याला लागला, आणि जेवणाच्या वेळी मी डाव्या हाताला झारा घेऊनच पानावर बसलो. आईंनी निमूटपणे त्याच झाऱ्यावर मला पापड वाढला.

बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी होती. म्हणजे कबुतरं येऊ नयेत म्हणून. पण जाळीतून कावळा तरी कसा येणार? मी कात्रीनं जाळीला सुबक खिडकी पाडली आणि तिच्यासमोर इडलीपात्र टांगलं. ते वाऱ्यावर डुलत होतं. आईंनी चष्मा लावून बघितलं.

"समई उलटी का टांगलीय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या आशेनं पडदा सरकवला. प्रत्येक ताटलीवर कबुतरं! जागा न मिळालेली कबुतरं कठड्यावर पंगतीची वाट बघत होती. मी "शूः!" म्हणालो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भातात घातली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बनशंकरी भागातही निरोप पोचला असावा, कारण रोज नवे चेहरे दिसू लागले. एका जोडप्यानं तर माझ्या चपलेत काड्या आणायला सुरुवात केली.

मग खालून माने अण्णा आले. माने अण्णा तळमजल्यावर राहतात आणि त्यांची गाडी बरोबर आमच्या बाल्कनीखाली उभी असते. ते पिढ्यान् पिढ्या इथलेच. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आले, आम्ही परवा स्लीपर बसने आलो. त्यामुळे ते आमच्याशी मराठीत बोलतात तेव्हा आम्हालाच जरा परकं वाटतं.

"प्रसाद, स्वल्प खाली या की," ते म्हणाले. "गाडी पांढरी घेतली नव्हती मी. आता पांढरी झालीय."

मी दहा वेळा माफी मागून त्यांची गाडी पुसून दिली. आणि कबुतरांवर उपाय म्हणून, जो कुठलाही शहाणा माणूस करतो तो केला: जुन्या सीडी दोरीला बांधून पात्राभोवती टांगल्या. उन्हात त्या लखलखल्या की पाखरं घाबरतात, असं म्हणतात. अगदी खरं आहे. समोरच्या नारळावर रोज एक कावळा येऊन बसायला लागला होता, तो त्या लखलखाटानं जो उडाला तो दिसेनासा झाला. कबुतरं मात्र सीडीत आपली पिसं न्याहाळून भात खात राहिली.

आई रोज खुर्ची टाकून त्या नारळाकडे बघत बसायच्या. एक दिवस त्या वाऱ्यावर फिरणाऱ्या एका सीडीकडे डोळे बारीक करून बघत म्हणाल्या, "केतकी, ह्याच्यावर तुझ्या लग्नाची तारीख कशी गं?"

केतकी स्वयंपाकघरातून धावत आली. "प्रसाद! ही आपल्या लग्नाची सीडी आहे! ह्यात बाबा आहेत!"

होते. कन्यादान करणारे, जिलब्यांचा आग्रह करणारे, फेटा डोळ्यांवर आलेले बाबा. आमच्याकडे त्यांचं हलतं-बोलतं असं तेवढंच. म्हणजे गेले काही दिवस मी बाबांनाच टांगून बाबांना हाकलत होतो! केतकीनं ती सीडी पदरानं पुसली. (तिनं पंजाबी ड्रेस घातला होता. पदर आईंचा होता.) त्या रात्री जुना लॅपटॉप शोधून आम्ही तिघांनी लग्न पाहिलं. माझ्या वेंधळेपणाचा तेवढा एकच फायदा झाला. आई जिलबीच्या जागी दोनदा म्हणाल्या, "थांब, मागे घे."

तिथी उजाडली. आईंनी पहाटेपासून स्वयंपाक केला: खीर, भरड्याचे वडे, गवार, कारलं, अळू, आमसुलाची चटणी. घरभर असा वास सुटला की लिफ्टमधून उतरणारी माणसं आमच्या दाराशी रेंगाळून पुढे जायला लागली. इडलीपात्र मी सीडींसकट आदल्या दिवशी तेवढ्यापुरतं काढून ठेवलं होतं. केतकीनं बाल्कनीत पाट मांडला, केळीच्या पानावर सगळं वाढलं, आणि आम्ही जरा लांब, दाराआड उभे राहिलो. कोपऱ्यात आईंची बॅग भरून तयार होती.

कावळा आला नाही.

म्हणजे आला, पण नारळावर. तिथून पानाकडे बघत बसला. कबुतरं पुढे सरकली की मी लाटणं घेऊन धावायचो, माझ्या धावण्यानं कावळा उडायचा, मग परत यायचा. ऊन चढलं. खिरीवर साय धरली.

"ह्यांचं मन कशात तरी अडकलंय," आई म्हणाल्या. "काहीतरी कबूल करायला हवं. केतकी, तू बोल."

केतकी हात जोडून पुढे झाली. "बाबा, आईला मी काही कमी पडू देणार नाही." कावळा ढिम्म. "गुडघ्याचे व्यायाम रोज करून घेईन." ढिम्म. "आणि माझी अर्धवट राहिलेली पीएच.डी. पुरी करीन." कावळ्यानं पंख खाजवला. त्याचाही त्यावर विश्वास बसला नसावा.

"प्रसादराव, तुम्ही."

"बाबा, मी केतकीशी भांडणार नाही." मागून केतकी खाकरली. "म्हणजे, कमी भांडेन."

तेवढ्यात बेल वाजली. दारात माने अण्णा, हातात ओलं फडकं, चेहरा लाल. "प्रसाद, आज परत..." एवढं बोलून त्यांची नजर पानाकडे गेली. त्यांनी चटकन चपला काढल्या. "अय्यो, तिथी काय? आमच्यातही असतंय की. शिवंना झालाय होय?"

"नाही हो अण्णा," आई म्हणाल्या. "तुम्हीही काहीतरी बोला."

"मी काय बोलू अक्का? माझी ओळखपण नव्हती."

"असू दे. बोला. कुणाचं ऐकतील सांगता येत नाही."

माने अण्णांनी फडकं खांद्यावर टाकलं, हात जोडले, नारळाकडे बघितलं आणि घसा साफ केला. "सरी, ठीक आहे. कबुतराबद्दल मी असोसिएशनमध्ये तक्रार करणार नाही. देवाशपथ." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आजच्या दिवसापुरतं."

कावळा उडाला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. तो बिल्डिंगला वळसा घालून कुठेतरी मागे गेला आणि दिसेनासा झाला. आई पाटाशेजारच्या खुर्चीवर मटकन बसल्या.

आता इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मला भूक सहन होत नाही. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, समोर वडे होते, आणि माझ्या घरात मीच लाटणं घेऊन वड्यांवर पहारा देत होतो! "पाणी पिऊन येतो," असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, झाकणाखालचा एक वडा उचलला आणि मागच्या युटिलिटीत, म्हणजे कपडे धुवायच्या चिंचोळ्या जागेत, वॉशिंग मशीनच्या आड गेलो. भिंतीकडे पाठ, उघड्या खिडकीकडे तोंड. पहिला घास घेतला. कुरकुरीत, आत मऊ, धन्याचा वास. डोळे आपोआप मिटले.

पंखांचा वारा लागला, बोटाला काहीतरी टोचलं, आणि हातातला वडा गेला.

डोळे उघडले तर कावळा समोरच्या पाइपवर. वडा पायाखाली धरून तो सावकाश खात होता. एक तुकडा खाल्ला की मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा. मी मशीनला चिकटून उभा राहिलो. मनात हिशेब सुरू झाला: कावळा शिवला खरा, पण नैवेद्याच्या आधी जावयानं खाल्लेला, उष्टा वडा! हे सांगायचं कुणाला? आणि कुठल्या तोंडानं? तोंडात तर अजून वडा होता.

तेवढ्यात बाहेरून आईंचा आवाज आला. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "नाही येत ते, केतकी. चुकले असतील कुठेतरी. नव्या गावात कुणाला विचारणार? काढ बाई तिकीट."

त्यानंतर गप्प राहणं माझ्याच्यानं झालं नाही. मी घास गिळला आणि बोट पुढे धरून बाहेर आलो.

"आई, कावळा आला होता. मागे, युटिलिटीत."

"मागे? पण पान तर इथे आहे."

"त्यानं... वडा नेला."

"कुठला वडा?" केतकीनं विचारलं. मग तिचं लक्ष माझ्या मिशीला लागलेल्या चुऱ्याकडे गेलं. "प्रसाद! तू खाल्लास?"

"एकच घास!"

"अय्यो!" माने अण्णा म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले.

आई मात्र रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत पुढे झुकल्या. "उष्टा वडा नेला?"

"हो."

"तुमच्या हातातून?"

"हो. बोटाला चोचही मारली."

आई माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हलला, खांदे हलले, आणि मला वाटलं, आता रडणार. पण त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तेच! अहो तेच ते! आयुष्यात कधी आपल्या पानातलं आधी खाल्लं नाही त्या माणसानं. मी घास घेतला की माझ्या ताटातला वडा उचलायचा. भज्याचंही तेच, पुरणपोळीचंही तेच. म्हणायचे, तुझ्या ताटातलं गरम असतं. लग्नाच्या पंगतीत लाज आणली होती मला!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "दोन वर्षं झाली हो प्रसादराव, माझं ताट मला पुरतंय. शेवटपर्यंत पुरतंय. नको होतं मला असलं पुरणं."

माने अण्णांनी खांद्यावरचं फडकं डोळ्यांना लावलं, मग ते कशानं ओलं आहे ते आठवून घाईघाईनं काढलं.

केतकी मागे युटिलिटीत गेली. मी दारातून बघितलं. कावळा अजून पाइपवरच होता. साबणाच्या पावडरीचा डबा, वाळत घातलेले माझे पायमोजे आणि बादली यांच्यामधून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आलात का बाबा? मग जरा बसा ना. घर तरी बघा." कावळा चांगला बराच वेळ बसला.

आईंनी बॅग उघडली आणि आपली पातळं एकेक करून कपाटात लावली. "आता पत्ता कळला ह्यांना," त्या म्हणाल्या. "आता मी कुठे जायला नको." मग आम्ही चौघं जेवलो. माने अण्णा तीनदा वडे घेऊन म्हणाले, "सरी, कबुतराचं काय ते पुढच्या वर्षी बघू."

यंदाच्या तिथीला पान बाल्कनीत वाढलं, पण ते आपलं रीतीपुरतं. खरी व्यवस्था मागच्या खिडकीत होती. आईंनी एक वडा माझ्या हातात दिला, मला एकच घास खायला लावला (एकही न खाऊन चालत नाही, दुसरा खाऊन तर अजिबात चालत नाही!) आणि हात बाहेर काढून उभं केलं. मी उपाशीपोटी, तोंडाला पाणी सुटलेल्या अवस्थेत, आईंनी "हं, आलं विमान" म्हणेपर्यंत तसाच उभा होतो. तेव्हा पक्ष्यांसाठी खाद्यपात्र कसं बनवावं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगतो: घरातच पडून असलेली एखादी जुनी, बोजड, दुसऱ्या कशाच्याच उपयोगाची नसलेली वस्तू घ्यावी आणि खिडकीत उभी करावी. कावळा हमखास येतो. फक्त आमच्याकडच्या वस्तूला मधूनमधून भूक लागते.